अर्ध्या दिवसाचं ऊन

।। श्री ।।
मस्कत, १० जानेवारी १९७६

ती. सौ. आक्कास जोतीरामचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी आईला दरमहा दीडशेचा ड्राफ्ट पाठवतो आणि तिच्या हातात एकशे एकोणचाळीसच पडतात, हे वाचून डोकं फिरलं. ड्राफ्ट वसुलीला मुंबईला जातो म्हणून बँक अकरा रुपये कापते म्हणे. आक्का, अकरा रुपये म्हणजे इथल्या उन्हात अर्धा दिवस सिमेंट कालवायचं. ते बँकेला का म्हणून द्यायचे?

तीन महिन्यांचे साठवून एकदम पाठव, असं तू सुचवलंस. पण इथं एका खोलीत आम्ही बाराजण, जवळ पैसा टिकत नाही. शिवाय दर महिन्याला पाकीट आलं की मी धडधाकट आहे हे आईला न वाचताही कळतं. तेव्हा चाललंय ते चालू दे. दाजींना नमस्कार. धाकट्या भावावर माया राहू दे.

तुझा जोतीराम


।। श्री ।।
तासगाव, ८ फेब्रुवारी १९७६

चि. जोतीराम यास अ. उ. आ.

पलूसला जाऊन तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. अर्ध्या दिवसाचं ऐकून तिनं तेवढंच दोनदा पुन्हा वाचायला लावलं. लेक उन्हात काळा कुळकुळीत झाला असणार, आता त्याला पोरगी कोण देणार, अशी मी चेष्टा केली तर माझ्यावरच रागावली. तिला थोडा खोकला आहे, काळजीचं कारण नाही. जिवाला जप.

तुझी आक्का


।। श्री ।।
तासगाव, १५ सप्टेंबर १९७६

चि. जोतीराम यास अ. उ. आ.

आईचा खोकला हटत नाही. लय वाळली आहे. मिरजेला दाखवू म्हटलं तर दिवाळीनंतर म्हणते. तुझे पैसे बँकेत साठलेत, असं सांगते. पासबुक मागितलं तर तेही बँकेतच आहे म्हणाली. यांनी खर्चाला पैसे देऊ केले, पण लेकीच्या घरचं घ्यायचं नाही हा तिचा हट्ट तुला ठाऊकच आहे. तू चार शब्द कडक लिही, तुझं ऐकेल.

तुझी आक्का


तासगाव, ६ डिसेंबर १९७६

चि. जोतीराम यास आशीर्वाद.

वर श्री घातलेला नाही. तार तुला मिळालीच असेल. तेरावं झालं. शेवटी उचलूनच मिरजेला नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने आधी आणायला हवं होतं.

घर आवरताना कणगीमागे पत्र्याच्या डब्यात तुझे फेब्रुवारीपासूनचे नऊ ड्राफ्ट सापडले. एकही बँकेत भरलेला नाही. म्हशीच्या दुधावरच भागवत होती. शेजारच्या बनाबाईला सगळं ठाऊक होतं. आईनं तिला शपथ घातली होती. आई म्हणायची, “माज्या लेकाचा अर्धा दीस ब्यांकंला का द्यू? समदं एकदम भरीन, म्हंजी एकदाच कापत्याल.”

मी बँकेत गेले. कारकून म्हणाला, एकदम भरले असते तरी दर ड्राफ्टमागे वेगळेच कापले असते, आणि सहा महिने उलटलेले तर वटलेच नसते. आता ते पाठवणाऱ्याकडे परत जायचे. रजिस्टरनं पाठवले आहेत.

जोतीराम, ते पत्र मीच तिला वाचून दाखवलं. तेवढी एक ओळ गाळली असती तर, हे मनातून जात नाही. तू नीट जेवत जा.

तुझी आक्का


।। श्री ।।
मस्कत, २० जानेवारी १९७७

ती. सौ. आक्कास सा. न. वि. वि.

रजिस्टर मिळालं. इथल्या बँकेनं नऊही ड्राफ्ट परत घेऊन पैसे हातात ठेवले. एक पैसा कापला नाही. ते घेऊन मी बँकेच्या पायरीवर बसून रडलो, लोक बघत होते.

ओळ तू गाळायची नव्हतीस, मीच लिहायची नव्हती. माझी खुशाली तिला दर महिन्याला कळत होती, तिची मात्र तुझं पत्र येऊनही मला उमगली नाही. दर महिन्याला वाटायचं, औषधाला झाले असतील.

सोबत तुझ्या नावचा दीडशेचा ड्राफ्ट आहे. भावाचं घ्यायला हरकत नाही. मिळेल त्याच दिवशी बँकेत भर. अकरा रुपये कापतील, कापू देत. कापले की तेवढं मला लगेच लिही, त्याचीच वाट बघतो आहे. आता माया करायला तूच उरलीस.

तुझा जोतीराम