तवकिरीतलं मीठ

पुणे, ३ फेब्रुवारी २०२५

ती. सुभद्राआत्येस तेजस्वीचा सा. न. वि. वि.

तुझ्या तवकिरीच्या पिठाचा दुसरा डबा पोचला. तवकीर शिजवायची, पातळ पसरायची, वाळवायची आणि तो पापुद्रा बॅटरीतल्या पेट घेणाऱ्या द्रवाच्या जागी बसवायचा, हे माझं चार वर्षांचं काम. पहिल्या डब्याचा पापुद्रा इतका छान चालला की मी प्रयोगशाळेत पेढे वाटले. दुसऱ्याचा निम्मासुद्धा चालत नाही.

सर म्हणतात, पहिले आकडे मी मनाने लिहिले. ते मागे घेतल्याचं लिहून दे, नाहीतर प्रबंधावर सही नाही. मी तोंडावर नाही म्हणून आले. आकडे खरे आहेत, तर मागे का घेऊ? पण आत्ये, यंदा तू काही वेगळं केलंस का? सात पाण्यांऐवजी पाचच केलीस?

तुझा राग चालेल, उत्तर मात्र लवकर हवं.

तुझी तेजस्वी

तारकर्ली, ९ फेब्रुवारी

चि. तेजस्वीस अनेक आशीर्वाद.

पाच पाणी? माझ्या हातून? सात वेळा निवळल्याशिवाय मी तवकीर उन्हात घालत नाही, हे तुझ्या सरांना ठणकावून सांग. गुडघे दुखतात, पण हात अजून शाबूत आहेत.

फरक एकच. घरातलं पीठ परगावी जाताना दृष्ट लागू नये म्हणून मी त्यात मूठभर मीठ बारीक वाटून मिसळते. सासूबाईंची पद्धत. पहिल्या डब्यात ते होतं. मग चतुर्थीला तुझ्या लाडवांच्या डब्यात मिठाचा खडा ठेवला, तर तू पोट धरून हसलीस. वाईट वाटलं गो माका. म्हणून यंदा घातलं नाही.

चूक झाली असेल तर माझी. तू कोणापुढे मान खाली घालू नकोस.

तुझी आत्या

पुणे, १५ फेब्रुवारी

ती. आत्येस सा. न. वि. वि.

चूक माझी. दुकानातला प्रत्येक पुडा तपासून घेणारी मी, तुझा डबा घरचा म्हणून तसाच वापरला. पापुद्र्यातून वीज वाहावी म्हणून मीठ मी मोजून घालतेच, त्यावर तुझी मूठ पडली!

सर हसले. आता आत्याची गोष्ट रचलीस म्हणाले. तेव्हा एक ते चार आकडे घालून चार पुड्या पाठव, दोन मिठाच्या, दोन बिनमिठाच्या. कुठल्या कुठल्या ते बंद पाकिटात लिही. पाकीट आणि पुड्या सरांच्या कपाटात राहतील. पापुद्रे प्रयोगशाळेतला विनीत करील, मी फक्त मोजीन. चाखून ओळखलं असंही कोणी म्हणायला नको.

तुझी हसरी भाची (आता हसू पळालंय)

तारकर्ली, २० फेब्रुवारी

सन्माननीय सरांस सुभद्रा गणपत मयेकरचा नमस्कार.

पहिल्या आणि चौथ्या पुडीत मीठ आहे. पोर खोटं बोलली असती, तर तुमच्याआधी मीच तिचा कान धरला असता. ती बोललेली नाही. आता तुमचं काय ते तुम्ही बघा.

पुणे, १९ मार्च

ती. आत्येस तेजस्वीचे साष्टांग नमस्कार.

पाकीट प्रबंधाच्या समितीसमोर सरांनीच फोडलं. माझे आकडे आधीच फळ्यावर होते. पहिला आणि चौथा वर, मधले दोन खाली. सरांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सही केली. माफी मागितली नाही. मीही वाट बघत थांबले नाही.

नंतर समितीतल्या एकांनी सुचवलं, दृष्टीबिष्टीचं काढून टाका, नुसतं मीठ मिसळलं असं लिहा, आत्याचं नावही नको. मी म्हटलं, दृष्टीचं मला ठाऊक नाही, पण मीठ कोणी घातलं आणि का घातलं ते ठाऊक आहे, आणि जसं झालं तसंच लिहीन. नाव खोडायचं असेल तर आधी आकडे खोडा. कोणी खोडले नाहीत. पान एक्केचाळीसवर तू आहेस.

यंदा चतुर्थीला लाडवांच्या डब्यात खडा ठेव. हसेन कदाचित, पण काढणार नाही.

माया अशीच राहू दे.

तुझी तेजस्वी