दगडोबांची मंजुरी

आखाडा बाळापूर,
दसऱ्याआधीचा सोमवार, २००७

तीर्थस्वरूप फुलसिंगमामांस,

कुलदीपचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तांड्यावर सगळे मजेत असतील, मामींच्या गुडघ्याला उतार असेल आणि डॉक्टरांनी बंद केलेली तंबाखू तुम्ही चालूच ठेवली असेल, असं धरून चालतो.

तुम्ही शब्द टाकून मला हळदीच्या कंपनीत चिकटवलंत, त्याची फळं भोगतोय. विजयकुमारशेठनी (म्हणजे ज्या दगडोबांच्या काट्यावर तुम्ही जन्मभर हळद तोललीत, त्यांचे चिरंजीव) पाच कॉम्प्युटर तारेनं जोडले आणि फर्मान काढलं, की सकाळी मशीन सुरू होताच सगळ्यांसमोर कंपनीचं एकच पान उघडलं पाहिजे: सूचना, हळदीचा भाव, रजेचे अर्ज. त्यासाठी सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्या गळ्यात. पहिल्यातून काही केल्या लंडनचं हवामान हटेना (हमाल खिडकीतून ते बघून छत्र्या आणू लागले). दुसरं फुकट होतं, ते महिनाभरात रुसून बसलं. तिसरं देखणं, शिवाय मराठी दाखवणारं. त्यात माणसांची नावं भरताना शेठ म्हणाले, "पयलं नाव बाबाचं टाक. लग्नपत्रिकेत न्हाई का टाकत आपण?" मीही 'कै.' लावून टाकलं. दगडोबांना जाऊन तीन वर्षं झाली, ते कशाला बघायला येतात! नंतर कळलं, हे सॉफ्टवेअर पहिल्या नावालाच मालक धरतं. प्रत्येक अर्जाखाली झळकू लागलं: 'दगडोबांच्या मंजुरीसाठी थांबले आहे.'

आम्ही पोट धरून हसलो. मग मंजुऱ्या यायला लागल्या. प्रेमसिंग ड्रायव्हरच्या रजेवर आलं, 'मंजूर. येताना पान आन, चुना कमी.' (त्यांचा कमी चुना तुम्हाला ठाऊकच आहे.) कुणीतरी टवाळकी करतंय म्हणून मी पासवर्ड बदलला. नाव पुसलं, तर सकाळी पुन्हा सगळ्यांत वर. तारा उपटून ठेवल्या, तरी पान उघडलं. खोटं कशाला सांगू मामा, माझी पाचावर धारण बसली. कंपनीत मात्र आनंदीआनंद, कारण रजा कुणाचीच नामंजूर होत नाही. शेठ रोज स्क्रीनला उदबत्ती ओवाळतात. दुसरं सॉफ्टवेअर बघू म्हटलं, तर म्हणाले, "बाबा येऊन राहिला तर तुला काहून तकलीफ? दसऱ्याला हेच पक्कं करायचं."

बाकी सगळं ठीक. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
कुलदीप

ता. क. – इतकं पाल्हाळ लावलं, कारण मूळ गोष्ट लिहायचा धीर होत नव्हता. आज कुणाचाही अर्ज नसताना पानावर आलं: 'फुलसिंगला माज्याकडं लावा. हितं तोलायला भरवशाचा मानूस न्हाई.' खाली 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन आहेत. 'नाही' दाबून बोट दुखलं, ते दबतच नाही. तुमचा फोन लागत नाही. पत्र मिळताच दोन ओळी लिहा, पण तुमच्याच हातानं.

आणखी एक ता. क. – पाकीट डकवण्याआधी पान पाहिलं. 'होय' कुणीतरी दाबलंय. तुमच्या नावापुढं 'हजर' आलंय. पत्र टपालात टाकत नाही, जीप धरून मीच घेऊन निघालोय. मला फार भीती वाटतेय. मामा, दार तुम्हीच उघडा.