मरळ लागते, राहत नाही

१२ एप्रिल, शनिवार

आज पण हात हलवत परत! पहाटेपासून बोरीच्या बंधाऱ्यावर उभा होतो. हिरवा रबरी बेडूक जलपर्णीवरून हळूहळू ओढत आणला. मरळीने खालून असा दणका दिला की पानं उडाली — आणि दोरी ढिली. बेडूक परत आला, अंगावर दातांचे ओरखडे. मासा नाही. सकाळभर हेच.

ऋतिकला फोन केला. माझा शाळेतला दोस्त. जुन्नरला मोबाईलचं दुकान टाकलंय आणि यूट्यूब बघून बघून गळाच्या मासेमारीतला मास्तर झालाय. म्हणे, "उन्हाळ्यात हिरवा न्हाई चालत राव. पाणी तापलं की काळा टाक." वा! हिरवा घ्यायला यानेच सांगितलं होतं.

१३ एप्रिल

मला मासेमारीचा शौक-बिक काही नाही. हे सगळं पुष्पासाठी चाललंय. लग्नानंतर दोनदा दिवस गेले, दोनदा तिसऱ्या महिन्याच्या आतच सगळं संपलं. दुसऱ्या खेपेनंतर बायको हसायचीच विसरली. मंचरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात रक्त नाही, खाणं सुधारा. आमच्याकडे अशक्त बाईला मरळीचा रस्सा देतात. बाजारातली मरळ बर्फातली, कुठली न कधीची कोण जाणे. मला तिला ताजी द्यायचीय, स्वतः धरलेली. एवढी एकच गोष्ट मनावर घेतली आणि तीही जमेना.

जिवंत बेडूक गळाला टोचलेला पुष्पाला बघवत नाही. म्हणून हे रबराचं खूळ.

१७ एप्रिल

काळा बेडूक. दणका. ढिली दोरी.

१९ एप्रिल

जुन्नरला जाऊन आलो. ऋतिकच्या दुकानात चार्जरच्या शेजारी आता नकली आमिषांची आख्खी फळी आहे. तो त्यांना लुअर म्हणतो. मऊ रबराचे बेडूक, शेपूट हलवणारे मासे, गांडुळं. त्यात जांभळं गांडूळ! मी म्हणालो, जांभळं गांडूळ कोणी बघितलंय? तर म्हणतो, "मरळीनं बी न्हाई बघितलं, म्हणून तर चावती." घेतलं.

त्याने पुन्हा समजावलं — गळाचं टोक रबरात दडवायचं, म्हणजे जलपर्णीत अडकत नाही. मरळीने तोंडात दाबलं की रबर दबतं आणि टोक बाहेर येऊन रुततं. "टोक तपासतोस ना पर बोट लावून?" मी म्हणालो, कोऱ्या मालाचं काय तपासायचं? मला काय वेडा समजतो का हा?

घरी येऊन सगळं लावून डब्यात भरलं, डबा गोठ्यातल्या फळीवर ठेवला.

२२ एप्रिल

जांभळं गांडूळ वाया. शेपटीचा मासाही वाया. मरळ धरते, ओढते आणि सोडून देते.

घरच्यांचंही कळत नाही. मी रिकामा आलो की पुष्पाच्या तोंडावर हसू! इतक्या महिन्यांनी हसली, ते माझ्या फजितीवर. आईचं तर वेगळंच. घासाचा भारा आता पुष्पाला उचलू देत नाही, स्वतः आणते, वर कंबर धरून माझ्याकडे बघते. आणि ज्या डब्याला 'उकिरड्यावर टाक' म्हणायची, तो आता रोज पुसून ठेवते. काल तिला म्हणालो, माझ्या वस्तूंना हात लावत जाऊ नकोस. "धूळ बसती," म्हणाली.

२४ एप्रिल

आई पुष्पाला घेऊन मंचरला गेली. मी गाडी काढली तर म्हणे, "तू कशाला? बायांचं काम हाय. आमी यष्टीनं जातो." नवरा म्हणजे फक्त पाण्याची मोटर चालू-बंद करायला!

२६ एप्रिल, शनिवार

लागली! लागली! हातभर मरळ!

पहाटे डबा घेतलाच नव्हता. काल कुरिअरवाल्याने मागवलेल्या बेडकाचं पाकीट रस्त्यातच दिलं होतं, ते गाडीच्या डिकीत राहिलेलं. पांढरा बेडूक, लाल शेपटीचा. बंधाऱ्यावर पाकीट फोडलं आणि दुसऱ्याच फेकीत दणका. या वेळी दोरी ढिली पडली नाही. म्हणजे रंगाचाच घोळ होता. पांढरा हवा होता, पांढरा!

ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणली, जिवंत. वाटलं होतं, घरात कौतुक होईल. आईचं तोंड उतरलं. पुष्पा आत निघून गेली. "आज कापू नगं," आई म्हणाली. "उद्या अवस हाय. सोमवारी बघू. हौदात सोड." मी कोणासाठी उन्हात मरतोय हे या घरात कोणाला कळतंय का? वाईट वाटलं. खरंच वाटलं.

२७ एप्रिल

हौद रिकामा. "उडी मारून गेली," आई म्हणते. "मरळच ती." गोठा, कांद्याची चाळ, उसाची सरी, सगळं पालथं घातलं. पुष्पाला विचारलं तर म्हणाली, "जाऊ द्या वो. मला नव्हतीच खायची."

नव्हतीच खायची!

२ मे

पांढरा बेडूक. तोच. तसाच फेकला. दणका, ढिली दोरी. माझं डोकं फुटायची वेळ आलीय. आणखी पांढरे मागवले.

६ मे

ऋतिकला बंधाऱ्यावर बोलावला. म्हटलं, तूच टाक. त्याने रॉड घेतला, टाकला. दणका बसला आणि दोरी ढिली. मनातून बरं वाटलं.

त्याने बेडूक हातात घेतला, पोट दाबलं, गळावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "भाऊ, ह्याला टोकच न्हाई."

डबा उलटा केला. हिरवे, काळे, गांडुळं, मासे. एकालाही टोक नाही. सगळी साफ तोडलेली. मी म्हणालो, तुझा मालच भंगार. तो म्हणाला, "मंग ती मरळ कशी लागली व्हती?" त्या दिवशीचा बेडूक पाकिटातून थेट पाण्यात गेला होता. त्यानंतर डब्यात.

डबा घरी असतो.

७ मे

आई कांदे निवडत बसली होती. डबा पुढ्यात ठेवला. मान वर न करता म्हणाली, "मीच तोडली. पक्कडीनं. ती मरळ बी घमेल्यात घालून मीच सोडून आले. घरात बाई पोटुशी असली की गड्यानं जीव मारू नाय. आन् तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई. मागच्या टायमाला दुसऱ्याच महिन्यात आख्ख्या वस्तीला पेढं वाटून आलास. म्हणून तिसरा सरूस्तवर तुला सांगायचं नाय, असं आमी दोघींनी ठरवलं."

"सरला?"

"काल सरला." हे दारातून पुष्पा म्हणाली.

दुपारी पांढऱ्या बेडकांचं नवं पाकीट आलं. आईकडून पक्कड मागून घेतली आणि सगळी टोकं मीच तोडली.