सोजराच्या नावाची ज्वारी

मु. हिंगणवाडी, ता. औराद, जि. बिदर
भाद्रपद वद्य दशमी, शके १८५७

चिरंजीव श्रीमंत यास तुझ्या अण्णाचा आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल, गुलबर्ग्याच्या गिरणीचं काम आता अंगवळणी पडलं असेल. इकडं आम्ही आहोत तसे आहोत. पाऊस यंदा वेळेवर पडला. मूग घरात आला, उडीद अजून रानात आहे. तांबड्या गाईला कालवड झाली. तुझ्या वाट्याच्या रानात मीच पेरा केलाय, तूर कमरेला लागली आहे.

काल अविधवा नवमी झाली. तुझ्या वहिनीनं सोजराच्या नावानं सवाष्ण जेवू घातली, खणानारळानं ओटी भरली. पुरण चांगलं झालं होतं म्हणतात. मला घास गेला न्हाई.

लिंगराज कापडवाला पंधरा दिवसांखाली गुलबर्ग्याहून आला. तुझा निरोप त्यानं चावडीवरच सगळ्यांसमोर सांगितला. "माझ्या वाट्याच्या ज्वारीतून दरसाल दोन पायल्या सोजराच्या नावानं दवाखान्याला घाला. मी तेव्हा हट्ट केला नसता तर माझी बायको वाचली असती." म्हातारा हरिबा डोळे पुसायला लागला. मला म्हणाला, "असा भाऊ नशिबानं मिळतोय, आप्पाराव."

श्रीमंत, ती ज्वारी मी घालणार न्हाई. कामून ते सांगायला हे पत्र लिहितोय. तीन वेळा लिहून फाडलं.

आपण दवाखान्याची ज्वारी सुरू केली तो दिवस तुला आठवत असेल. पटकीच्या साथीत गावची चौदा माणसं गेली होती. मग ठरलं, सुगीला दर घरानं एक पायली ज्वारी घालायची, त्यावर औरादच्या डॉक्टरला दर मंगळवारी यायला बांधून घ्यायचं, मधे अडीअडचणीला त्याला आणायला बैलांची दमणी जुंपायची. काशप्पा, मल्लप्पा आणि मी असे तीन पंच. चिठ्ठी लिहायचं माझ्याकडं आलं, कारण तिघांत माझं बाळबोध अक्षर चांगलं होतं. चिठ्ठीशिवाय डॉक्टर कुणाच्या घरी यायचा न्हाई.

वाद पडला तो एकाच गोष्टीवर. काशप्पा म्हणायचा, आजारी कोण ते बघा, ज्वारी कुणाची ते बघू नका. मल्लप्पा म्हणायचा, फुकट मिळायला लागलं तर घालील कोण? मी मल्लप्पाच्या बाजूनं. ज्यानं घातली त्यालाच चिठ्ठी. न घालणाऱ्यावर फारच वेळ आली, तर पंचांतल्या आणखी एकाला विचारून द्यायची. माझं म्हणणं मला तेव्हा खरंच पटलेलं होतं. आजही त्यातलं थोडं पटतं. खोटं कशाला लिहू.

तू उठलास आणि म्हणालास, "अण्णा, खुरपायला जाणाऱ्या बायांना सांजच्याला शेरभर मिळतंय, सकाळी सरतंय. त्यांनी पायली कुठनं आणायची? तुमी दवाखाना न्हाई काढलाव, वेस बांधलीव. आतले जगतील, बाहेरचे मरतील. त्यांना न्हाई तर माझ्या घराला बी नको."

लोक हसले. मला हसले. धाकट्या भावानं चारचौघांत बोलावं आणि गावानं हसावं, हे माझ्या मनात काट्यासारखं राहिलं. त्या सुगीला तू ज्वारी घातली न्हाईस. मी पण मागायला आलो न्हाई.

आता पुढचं.

फाल्गुनात तू बैल घ्यायला हुमनाबादला गेलास. सोजराला दिवस भरत आले होते, पण अजून पंधरवडा आहे असं गुरुबाई सुईण म्हणाली होती. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. न्याहारीच्या वक्ताला तुझी वहिनी राजूबाई धावत खळ्यावर आली. "लेकरू आडवं हाय. गुरुबाई म्हणायलीय, माझ्या हातचं न्हाई, डॉक्टर आणा. चिठ्ठी लिहा."

मी म्हणालो, "तिच्या घरची ज्वारी न्हाई. पंचांना विचारावं लागंल."

"मग विचारा की! बसलाव कामून?"

"जातो," म्हणालो.

गेलो न्हाई.

मल्लप्पाचं खळं आपल्या खळ्यापासून शंभर पावलांवर. त्याचा आवाज मला ऐकू येत होता, तो बैलांना हाकत होता. काशप्पा त्याच्या दुकानात बसलेला. मी कुणाकडंही गेलो न्हाई. मी ज्वारी वारवत राहिलो. दुपारी सोजराची आई आली, खळ्याच्या कडेला उभी राहून तिनं पदर पसरला. मी म्हणालो, "रीतसर होऊ द्या." ती म्हातारी तशीच परत गेली. तिची पाठ मला अजून दिसते.

माझ्या मनात काय होतं ते लिहितो. ती मरावी असं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. बायका बाळंत होतातच, होईल मोकळी, असं वाटत होतं. पण तू परत आल्यावर कळावं, की अण्णाच्या चिठ्ठीवाचून तुझंही अडतं. तू चावडीवर येऊन 'चुकलो' म्हणावंस. एवढ्यासाठी मी बसून राहिलो. नियम तोंडावर होता, मनात हे होतं.

दिवस कलताना काशप्पा धापा टाकत आला. "आप्पा, गुरुबाईकडून आत्ता कळलं मला. लिही की! विचारायचं काय त्यात?" मी लिहिली. दोन ओळी. दमणी पळवत नेली. दिवेलागणीला डॉक्टर दारात उतरला, तेव्हा बाया रडत होत्या. लेकरू पोटातच गेलं होतं, सोजरा त्याच्यामागं घटकाभरानं गेली होती. डॉक्टर मला एवढंच म्हणाला, "दुपारपर्यंत बोलावलं असतं तर निदान बाई हाताला लागली असती."

चौथ्या दिवशी तू आलास. नवी जोडी दारात सोडून तू आत गेलास आणि बाहेर येऊन मला विचारलंस, "अण्णा, डॉक्टर उशिरा कामून आला?"

मी म्हणालो, "पंचांना विचारण्यात दिवस गेला. तुझी ज्वारी असती तर विचारावं लागलं नसतं."

तू खाली बसलास. म्हणालास, "म्हंजे मीच मारलं तिला."

तेव्हा माझं तोंड उघडलं न्हाई. तेरावा झाला, तू बैल विकलेस, घराला कुलूप घातलंस, गेलास. मी वेशीपर्यंत सोबत आलो आणि तरी बोललो न्हाई. काशप्पाला वाटलं मी मल्लप्पाला शोधत होतो, मल्लप्पाला वाटलं काशप्पाला. दोघांनी मला कधी विचारलं न्हाई. राजूबाईला सगळं ठाऊक आहे. दीड वर्ष झालं, ती मला वाढते, घोंगडं टाकते, कामापुरतं बोलते. मला वाटत होतं, दिवस गेले की हे पुसलं जाईल.

मग तुझा निरोप आला. त्यावरून चावडीवर पुन्हा जुना वाद पेटला. मल्लप्पा म्हणाला, "बघा, श्रीमंतानं बी कबूल केलं. न घालणाऱ्याची काय गत होती ते सोजरानं दाखवलं. नियम बरोबर हाय." काशप्पा म्हणाला, "तिच्याचसाठी तर नियम मोडा म्हणायलोय." दोघंही तिचंच नाव घेत होते. मला सहन झालं न्हाई. मी उठलो आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. खळं, म्हातारीचा पदर, सगळं. कुणी शिवी दिली न्हाई. दिली असती तर बरं झालं असतं. हरिबा माझ्या शेजारून उठून पलीकडं जाऊन बसला.

आता चिठ्ठ्या काशप्पा लिहितो. आधी चिठ्ठी, विचारणं मागनं, असं ठरलंय. मल्लप्पाच्या आळीतल्या नऊ घरांनी, मग आम्ही घालणार न्हाई, असं सांगितलंय. म्हणजे त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. डॉक्टर दर मंगळवारी यायचा, आता महिन्यातून दोनदाच परवडंल. दवाखाना टिकंल का बुडंल, मला सांगता येत न्हाई. परवा खुरपणारी यल्लम्मा तापात वात होऊन बरळायला लागली. काशप्पानं उभ्या उभ्या चिठ्ठी लिहिली. ती आज भिंतीला टेकून बसून पेज प्यायली. मी दारातून बघितलं आणि घरी येऊन रानाचं निमित्त काढून लांब गेलो.

तू दीड वर्ष माझं ओझं वाहिलंस. तिकडं एकटा जेवताना, गिरणीच्या आवाजात, तू किती वेळा स्वतःला खाल्लं असशील ते मला कळतं, कारण मी ते रोज बघत असल्यासारखं जगलोय. ते आता खाली ठेव. तू ज्वारी घातली न्हाईस म्हणून सोजरा गेली न्हाई. मी उठलो न्हाई म्हणून गेली.

गावात यायचं का न्हाई, माझं तोंड बघायचं का न्हाई, ते तू ठरव. मी बोलावणार न्हाई, तो हक्क माझा राहिला न्हाई. पण आलास तर राजूबाईसाठी ये. तिनं तुला लहानाचं मोठं केलंय आणि तिचा काही गुन्हा न्हाई. माफी मी मागत न्हाई. मागितली तर तुला द्यावी वाटंल, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

सोजराचा गुन्हेगार, आणि तुझा भाऊ,
आप्पाराव