बळी : एक चमचा काळी पूड

१८ जानेवारी ८८
दुपारी कॉलेजात, रसायनशास्त्राच्या कापगते सरांकडे. पेपरला काहीतरी पाठवायला हवं. पंधरा दिवसांत भंडाऱ्यात कुणी मेलं नाही, निवडूनही आलं नाही. सर (पुढे का.) लोखंडी नळीपाशी उकिडवे. नळीत नाकाडोंगरीच्या मँगनीजची काळी पूड, खाली भट्टी. बब्बू मिस्त्री दुरुस्तीच्या फ्रीजमधला गॅस फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये भरून आणतो. तो वाफेसोबत नळीतून सोडायचा. हाच गॅस हवेत सुटला की वर जाऊन ओझोनचं पांघरूण कुरतडतो म्हणे. इथे पुडीवरून जाताना मोडतो, निघालेलं आम्ल चुन्याची निवळी गिळते. पूड मात्र जशीच्या तशी. नाव उत्प्रेरक.
म्हटलं, "हा तर सांख्यांचा पुरुष! नुसता उभा, राबते ती प्रकृती."
का. : "आमच्या प्राचार्यासारखा म्हना ना, पंडितजी."

२ फेब्रु.
का. उदास. तिसऱ्याच दिवशी पूड थकली. गॅस जसा आत, तसाच बाहेर. "इंग्रजीत म्हनतात, कॅटॅलिस्टले विषबाधा झाली. ज्याले मोडते, त्याच्याच आम्लानं मरते. तुमचा पुरुष अमर, माहा मरून राहिला." आता पूड वेगळी भाजून पाहणार. महिनाअखेर विद्यापीठाची माणसं प्रयोग पाहायला येताहेत. पटलं तर पीएच.डी.ची परवानगी. बेचाळिसाव्या वर्षी.
लिहू का, विचारलं.
"लिहा ना. पन आधी मले दाखवा."

५ फेब्रु.
बातमी झाली. सुरुवात फार जमली : 'कापगते सरांच्या प्रयोगशाळेत गेल्या आठवड्यात विषबाधा झाली. बळी : एक चमचा काळी पूड.' स्वतःशीच हसलो. दाखवायची तर पूल ओलांडून कारध्याला, त्यांच्या घरी जायचं. ऊन होतं, हे कारण. खरं कारण, का. नेमकं हेच खोडतील हे ठाऊक होतं.
बाराच्या एसटीने पाकीट नागपूरला.

८ फेब्रु.
छापून आली. जागा कमी पडली असावी. पहिलं वाक्य आहे. दुसरं नाही.
मथळा तीन कॉलमी : 'कॉलेजच्या प्रयोगशाळेत विषबाधा'.

९ फेब्रु.
पहिल्या गाडीने लाखांदूरहून एका मुलीचे वडील. फाटकातूनच, "माही पोरगी कोठी आहे? कायचा गॅस सुंगवून राहिले तिले?" पोरगी इतिहासाची. तरी घेऊन गेले. मागोमाग आणखी आले. दुपारी प्राचार्यांनी प्रयोगशाळेला कुलूप घातलं. एवढा एक पुरुष निर्विकार राहता तर...
का. कुलपासमोर उभे. मी तोंड उघडलं. म्हणाले, "पूड बदलता येते, पंडितजी." आणि सायकल काढली.

१ मार्च
विद्यापीठाची माणसं आली नाहीत. 'वातावरण निवळल्यावर पाहू' असं पत्र. मी पाठवलेला खुलासा सिनेमाच्या जाहिरातींखाली, दोन ओळी. कोणी वाचला असेल तर चष्म्याच्या दुकानाने त्याचा सत्कार करावा.
का. रस्त्यात भेटतात. नमस्कार करतात. पूर्वी करत नसत.

२२ एप्रिल
ऐन उन्हाळ्यात आमचा फ्रीज बसला. बब्बू मिस्त्री म्हणाला, कॉम्प्रेसर गेला, गॅस काढावा लागेल. ब्लॅडर कुठाय, विचारलं.
"आता कोन घेते, साहेब? कापगते सराच्या तं खोलीलेच कुलूप."
"मग काय करतोस?"
"सोडून देतो. सोडू ना?"
ही स्वयंपाकघरातून, "त्यात विचारायचं काय? सोडा की!"
फुस्स. चहा उकळायच्या आत संपलं. वास नाही, रंग नाही. खिडकी उघडीच होती.
बब्बू खाली मान घालून पाना पुसत म्हणाला, "सर राहते तं मले रागावते."

२३ एप्रिल
खुलासा नव्याने लिहिला. या वेळी माझ्या नावानिशी. पूड कशी मेली, माझं वाक्य कसं जगलं, मेलेली पूड म्हणजे फसलेला प्रयोग नव्हे, सगळं. दोनदा वाचला. एकही वाक्य जमलेलं नाही. बरं झालं.
बाराची एसटी गेली. पाकीट दिलं नाही.
ऊन कालच्यापेक्षा जास्त. कारध्याला निघतो. का. घरी असतील, दार उघडतील का, ते...
आधी दाखवायचं.