उजवा ठणठणीत आहे

३ जानेवारी
डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन पार पडलं. साधा नव्हे, खास खोल वाकणारा सांधा. उकिडवं बसता येईल म्हणे. डॉक्टर दोन्ही गुडघे बदलू म्हणत होते. मी ठाम नाही म्हणालो. आयुष्यभर फरशा बसवल्यात त्या उजव्याच्या जोरावर. तो ठणठणीत आहे.

७ जानेवारी
धाकटा भाऊ येऊन गेला. शाळेच्या हॉलचं काम मिळालंय, मार्चात सुरू. दादा, तू आता दुकान सांभाळ, साइटचं मी बघतो, असं म्हणाला. वर पांघरूणही सारखं केलं. डोकंच फिरलं. खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांना फरशांचे रंग दाखवू? हॉलची पहिली फरशी मीच बसवणार. सांगून टाकलं.

१५ जानेवारी
उद्यापासून व्यायाम, दिवसातून तीनदा.

१६ जानेवारी
एकदा झाला. फिजिओबाई फार दाबतात. मी अजिबात ओरडलो नाही. काय झालं म्हणून शेजारचे विचारायला आले होते, असं बायको सांगते.

२ फेब्रुवारी
डावा झकास वाकतोय. फिजिओबाई खूश. जिना उतरताना उजव्यात कळ आली. हवा बदललीय.

११ फेब्रुवारी
उजवा सुजलाय. डाव्याचे लाड बघून रुसला असणार. बायकोला बोललो नाही. तरी तिने बर्फ आणून ठेवला. उगाच संशय.

२० फेब्रुवारी
घरात एकदा उकिडवं बसून तर बघा, असं बायकोचं टुमणं. तालीम नवख्यांना लागते. भीती वगैरे काही नाही. झोप मात्र लागत नाही.

४ मार्च, सकाळी सात
पिशवी तीनदा उघडून बघितली. थापी, लेव्हल, रबरी हातोडा पिशवीत. भाऊ खाली हॉर्न वाजवतोय.

४ मार्च, संध्याकाळ
दोरी ताणलेली, सिमेंटचा मसाला पसरलेला. सगळे कारागीर बघत उभे. बसायला गेलो. डावा अलगद वाकला. उजवा अर्ध्यावर अडला. ना खाली, ना वर. दोन्ही हात ओल्या मसाल्यात. भावाने काखेत हात घालून उचललं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

पहिली फरशी भावाने बसवली. मी उपड्या बादलीवर बसून पाहिली. चूक सापडली नाही. शोधली खूप.

५ मार्च
दुकान. खुर्ची तशी बरी आहे. एका गिऱ्हाइकाने अगदी खालच्या कप्प्यातला नमुना मागितला. वरचाच कसा सरस, हे अर्धा तास पटवलं. शेवटी तो स्वतःच उकिडवा बसला आणि काढून घेतला. माझ्याच वयाचा होता.