अर्थ लागंना झालाय

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पुन्हा नाही! चावी फिरवली – टक्. बस. दिवे लख्ख, हॉर्न ठणठणीत, बॅटरी नवीकोरी आणि इंजिन गप्प. सकाळी मात्र शहाण्यासारखी चालू झाली होती. बाबांनी घेतलेली जुनी गाडी, आता माझी. शेवटी अख्ख्या स्टाफरूमने पदर खोचून ढकलली, तेव्हा हलली.

राग यायला हवा होता, पण हसूच येत होतं. सध्या कशाचंही हसू येतं. चाळिशीत असं खुळ्यागत हसणं शोभत नाही म्हणे. न शोभो!

रविवारी मुरगूडला जायचंय, विश्वजितच्या आईला भेटायला. आमच्या लग्नाला धोंडुबाईंचा होकार नाही, नकारही नाही. एवढंच म्हणाल्या, "गाडी चालवती म्हंतोस न्हवं? मग यू दे तिची ती. बगतो मी." मुलगी बघायला मुलाकडचे येतात. इथं मीच निघालेय स्वतःला दाखवायला! आणि ही बया त्यांच्या दारातच टक् करून बसली तर?

बुधवार, १९

उद्यमनगरात सयाजी मिस्त्रींकडे सोडली. त्यांच्यासमोर दरवेळी पहिल्या सेल्फला चालू! डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते, तसं. "हिला काय झालंय? झ्याक हाय की!" तरी ठेवून घेतली.

गुरुवार, २०

सयाजींचा फोन. मागे ठोकाठोक. "म्याडम, अर्थ लागंना झालाय बगा."

मी मराठीची मास्तरीण, मला काय वाटणार? बिचाऱ्यांना काही कळेनासं झालंय! समजुतीने म्हटलं, "असू दे, नसेल लागत तर दुसऱ्या कुणाला दाखवू या."

एकदम गार. "बरं. न्या मग गाडी." फोन ठेवला. पोरांकडून ढकलून चालू केली आणि घरी आणली. काहीतरी चुकलंय माझं.

शुक्रवार, २१

विश्वजितला सांगितलं तर फोनवर नुसता हसत सुटला. "अगं, अर्थ म्हणजे अर्थिंग! बॅटरीकडून इंजिनला जाणारी काळी वायर. ती नीट टेकत नाही, म्हणून सेल्फ फिरत नाही."

देवा! इतकी वर्षं मुलांना विचारतेय, या ओळीचा अर्थ काय – आणि इथं माझ्याच गाडीचा अर्थ सुटलाय!

लगेच सयाजींना फोन. "मला वाटलं, म्याडमचा इस्वास उडाला." पण ते चंदगडला, भाचीच्या लग्नात. सोमवारपर्यंत येत नाहीत. "खोला, घासा, आवळा. तुमास्नी जमतंय की!"

शनिवार, २२

जमलं!!

आधी खात्री केली. नुसती चावी – टक्. मग जंपर वायर लावली, बॅटरीच्या वजा टोकापासून थेट इंजिनला. चावी – धडाड चालू! म्हणजे दोष काळ्या वायरचाच. खोलली तर खाली हा गंज! हलेल तशी कधी टेकायची, कधी नाही. पॉलिश पेपरने चकचकीत घासली आणि जीव खाऊन नट आवळला.

पहिल्या सेल्फला! बंद केली. पुन्हा! बंद. पुन्हा! शेजारच्या बाळाबाई बाहेर आल्या. "काय चाललंय गं? जायचं तर जा की, न्हायतर गप बस!"

नखं काळीकुट्ट झालीत. जाऊ देत.

रविवार, २३

पोचले. धोंडुबाई बोलतात कमी, बघतात फार. मटण वाढलं, पुन्हा वाढलं. नखांकडे बघून म्हणाल्या, "ह्ये काय?" मी वायरीची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. विश्वजित हसला. त्या हसल्या नाहीत.

"सांज झाली," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, जा म्हणतायत. उठले. त्या दारापर्यंत आल्या. चावी फिरवली – पहिल्या सेल्फला! मी ऐटीत वळून पाहिलं, तर त्यांचं तोंड एवढंसं झालेलं. हातही न हलवता आत गेल्या.

"आई तशीच आहे," विश्वजित म्हणाला. त्याचाही चेहरा पडला होता.

कागलपर्यंत रडले. गाडी मात्र मेली मजेत पळत होती.

सोमवार, २४

शाळेत निघताना फोन. धोंडुबाई!

"तुझी गाडी सारकी बंद पडती म्हणून विश्वा बोललाता. म्हटलं, ऱ्हातीस आता. रातच्याला तुझा बी भात टाकलाता. आणि तू पैल्या झटक्यात गेलीस की गं, सूनबाई!"